मुकादमाचे अकरा दात

शहरातल्या निम्म्याअधिक दातांच्या डॉक्टरांकडे कवळीकाकांचा नंबर होता. खरं नाव बिलावर असायचं, पण बिलावरचं नाव कोण वाचतो? चाळीस वर्षं ते घराच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवत आले होते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, काका त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि आठ-दहा दिवसांनी कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं हसू डबीत घालून परत धाडायचे. ती माणसं त्यांनी कधी पाहिली नाहीत. पण रस्त्यात एखादी कवळी समोरून हसत आली, तर ती आपल्या हातची आहे की नाही, हे त्यांना दहा पावलांवरून कळायचं.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न करून दुसऱ्या देशात. घरात उरले दोघं, काका आणि मुकादम.

मुकादम हा कुत्रा. मध्यम चणीचा, तपकिरी, एक कान उभा, दुसरा पडलेला. नाव बायकोनं ठेवलेलं. घरात कुणी कसलंही काम काढलं, की हा समोर येऊन बसायचा आणि काम संपेपर्यंत देखरेख करायचा. कुत्रा सर्वस्वी तिचाच. तीच त्याला फिरवायची, भरवायची. रोज जेवणं झाली की त्याला मांडीत घेऊन एवढ्याशा ब्रशनं त्याचे दात घासायची. काका चेष्टा करायचे, "जन्मभर दातांचा धंदा करतोय मी, माझे दात कधी विचारलेस का?"

"तुमचे पडले तर तुम्ही नवे कराल," ती म्हणायची. "याला कोण करून देणार?"

ती गेल्यावर तो ब्रश काही दिवस न्हाणीघरातल्या पेल्यात राहिला. मग काकांनी एका दुपारी तिच्या वस्तू आवरायला घेतल्या, त्यात तोही गेला.

त्यानंतर काका आणि मुकादम एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहू लागले. भांडण नाही, लाडही नाहीत. काका वेळेवर खायला घालत, दोन वेळा खाली नेऊन आणत. मुकादम मागच्या खोलीच्या दाराशी येऊन पडत असे. पूर्वी घंटी वाजली की तो घर डोक्यावर घ्यायचा, आता नुसती मान वर करायचा. चेंडू सोफ्याखाली गेला तो तिथेच राहिला. काकांना त्याचं नवल वाटलं नाही. आपल्याला तरी कुठे कशात राम वाटतो? मेणाचा चाकू हातात धरून ते कधीकधी थांबत, दाराशी पडलेल्या त्या तपकिरी गाठोड्याकडे बघत आणि म्हणत, "तुलाही करमत नाही ना रे?" मुकादम डोळे मिटून घेई. तेवढ्यानं त्यांना बरं वाटे. मुलगी फोनवर आईचा विषय निघाला की पटकन दुसरं काही काढायची, शेजारी तर तिचं नावही घेईनासे झाले होते. तिची आठवण काढणारं आणखी कुणीतरी या घरात आहे, हे काही थोडं नव्हतं.

मग एका सकाळी मुकादमाचा उजवा डोळा लहान दिसू लागला. डोळ्याखाली सुपारीएवढी सूज होती. काही चावलं असेल म्हणून काकांनी कानाडोळा केला. दुसऱ्या दिवशी त्यानं बिस्किट तोंडात घेतलं, खाली टाकलं, पुन्हा घेतलं, पुन्हा टाकलं, आणि त्याच्याकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं भांड्याकडे पाठच फिरवली. काकांनी त्याला टॅक्सीत घातलं आणि प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण तिशीतली, हातावर जुने ओरखडे असलेली बाई होती. तिनं मुकादमाशी दोन शब्द गोड बोलून अलगद त्याचा ओठ वर उचलला.

काकांना तिनं काही सांगायची गरजच पडली नाही. जिथे पांढऱ्या दाढा असायला हव्या होत्या, तिथे तपकिरी किटणाचे थर होते, दगडासारखे. हिरड्या लालबुंद, मागे सरकलेल्या. वरची मोठी दाढ उभी चिरलेली, तिच्या मुळाशी पू. वासानं काकांनी तोंड फिरवलं आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"घरी दात घासता का त्याचे?" डॉक्टरणीनं विचारलं.

"बायको घासायची. रोज."

"आणि आता?"

"ती नाही आता."

"केव्हापासून?"

"तीन वर्षं."

तिनं मान हलवली, ओठ खाली सोडला आणि मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हात फिरवण्यात रागाचा लवलेशही नव्हता, तेच काकांना जास्त लागलं.

मग तिनं खर्चाचा कागद करून दिला. आधी रक्ताची तपासणी, मग पूर्ण भूल, भूल सांभाळायला वेगळा माणूस, सगळ्या दातांचे एक्स-रे, साफसफाई, आणि नऊ ते बारा दात काढणं. काकांना पैशाचा हिशेब कवळ्यांत करायची जुनी सवय होती. खालचा आकडा चौदा कवळ्यांचा होता. इतक्या कवळ्या हल्ली त्यांच्याकडे सहा महिन्यांत येत नव्हत्या.

"डॉक्टर," ते म्हणाले, "राग मानू नका, पण मी याच धंद्यातला आहे. माणसाची अख्खी बत्तिशी काढून नवी बसवली तरी एवढे होत नाहीत."

"माणूस आ करतो, काका. दुखलं की हात वर करतो. हा काय करणार?" ती म्हणाली. "भूल दिल्याशिवाय मला आत नीट बघताही येत नाही. या दाढेला तीन मुळं आहेत, ती कापून एकेक काढावी लागते. घाई केली तर जबडा मोडतो. मी तुम्हाला नुसतं वरवर खरवडून देऊ शकते, स्वस्तात. दात चमकतील आणि दुखणं तसंच राहील."

"थांबलं तर?"

"औषधानं सूज उतरेल. दहा-पंधरा दिवस. मग परत येईल."

काकांनी औषधं घेतली, बारा दिवसांनंतरची वेळ घेतली आणि कागद चौघडी करून खिशात ठेवला. बँकेत होतं त्यात या आकड्याचा अर्धा भाग जेमतेम निघत होता.

दुसऱ्या दिवशी ते दाढीवाल्या डॉक्टरांकडे गेले. दातांचे डॉक्टर, वीस वर्षांची ओळख. त्यांच्या दवाखान्याच्या कितीतरी कवळ्या काकांनी केल्या होत्या. पेशंट नसलेली वेळ बघून काका आत शिरले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"माझ्या खुर्चीत कुत्रा?" दाढीवाले आधी हसले. काका हसत नाहीत असं बघून त्यांनी चष्मा काढला. "काका, भूल कोण देणार? मधेच त्याचं हृदय थांबलं तर? माझं लायसन्स जाईल ते जाईल, तुमचा कुत्राही जाईल."

"एकच दाढ काढा. तेवढी एकच. मी धरून ठेवतो."

"नाही जमणार."

काकांनी दाताच्या कण्या केल्या. दाढीवाले मान हलवत राहिले. बोलता बोलता काकांची नजर टेबलावरच्या डब्यांच्या चळतीकडे गेली. निळे, एकसारखे डबे, वर छापील चिठ्ठ्या. त्यातला एकही काकांकडचा नव्हता.

"हे कुठे जातात?"

दाढीवाल्यांनी दाढी खाजवली. "नदीपलीकडे मोठी लॅब निघालीय. मशीनवर करतात. तीन दिवसांत परत येतात, काका. मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"बरं," काका म्हणाले. गेले सात-आठ महिने काम का रोडावलं होतं, ते आता उमगलं. ते उठले, दाराशी जाऊन परत फिरले. "पत्ता देता का त्या लॅबचा?"

त्या रात्री मुलीचा फोन आला. काकांनी सगळं सांगितलं. आकडाही सांगितला. मागे तिच्या घरात कुकरसारखं काहीतरी शिटी मारत होतं, कुणी मूल ओरडत होतं.

"बाबा, अकरा वर्षांचा आहे तो," ती हळूच म्हणाली. "आणि आई गेल्यापासून तो खंगतच चाललाय, तुम्हीच म्हणता. एवढं सगळं करून त्याला अजून किती दिवस मिळणार? डॉक्टर शांतपणे... म्हणजे त्याला त्रास न होता..."

"तुझी आई रोज त्याचे दात घासायची," काका मधेच म्हणाले.

"हो, माहितीये."

"ती गेल्यावर मी एकदाही घासले नाहीत. एकदाही नाही. त्याच्या तोंडात डोकावलोसुद्धा नाही. दातांवर पोट भरतो मी, आणि घरातल्या घरात..."

"मी अर्धे पाठवते," मुलगी म्हणाली.

"नको."

"बाबा, हट्ट नका करू."

"हट्ट नाही ग. माझ्या हातून झालंय ते मलाच निस्तरू दे."

तिला ते पटलं की वाईट वाटलं, कळलं नाही. "बरं, नंतर बोलू," म्हणून तिनं फोन ठेवला. त्या आठवड्यात तिचा फोन आला नाही, आणि काकांनीही केला नाही.

नदीपलीकडच्या लॅबमध्ये काकांना वाटलं होतं तसं कुणी हिडीसफिडीस केली नाही. मॅनेजरबाईंनी त्यांनी पिशवीतून आणलेली एक कवळी हातात घेतली, उजेडात फिरवून पाहिली आणि विचारलं, "हा पुढचा दात मुद्दाम किंचित वाकडा बसवलाय?"

"बाईंचा जुना फोटो पाठवला होता डॉक्टरांनी. त्यांचा तसाच होता."

मॅनेजरबाईंनी कवळी जपून परत दिली. त्यांना एका मोठ्या वृद्धाश्रमाचं काम आलं होतं. मशीन रात्रंदिवस कवळ्या ओकत होतं, पण कडा घासायला आणि पॉलिशला हात कमी पडत होते. नगावर पैसे, रोजच्या रोज. काका दुसऱ्याच दिवसापासून जाऊ लागले.

लांबलचक खोलीत बारा टेबलं, बारा माणसं. घरी मागच्या खोलीत एकट्यानं चाळीस वर्षं काढल्यावर काकांना मनातून बरंच वाटलं होतं, की चला, निदान चार माणसांत बसू. पण मशीनच्या घरघरीमुळे म्हणा किंवा सवयीनं म्हणा, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं होतं. जो तो आपापल्या गाण्यात. काकांनी पहिल्या दिवशी शेजारच्या माणसाला विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला इथे?" त्यानं एक कान मोकळा करून, "काय?" म्हटलं. काकांनी प्रश्न पुन्हा विचारला. "दोन," तो म्हणाला आणि कान पुन्हा बंद झाला. दुपारी काका जिन्याच्या पायरीवर बसून डबा खात. संध्याकाळी घरी आले की मुकादम दाराशी असे. औषधानं त्याची सूज उतरली होती, पण खाणं मात्र मऊ कालवलेलं, तेही डाव्या बाजूनं.

नऊ दिवस त्यांनी मान मोडून काम केलं. बोटांच्या टोकांची सालं निघाली. दहाव्या दिवशी सकाळी ते मुकादमाला घेऊन दवाखान्यात हजर झाले, आणि काउंटरवरच्या मुलीपुढे सगळे पैसे मोजून ठेवले.

तिनं एक फॉर्म पुढे केला. "इथे सही. आणि तुमचा फोन लागला नाही तर दुसरा कुणाचा तरी नंबर."

काकांनी आपल्या मुलीचा नंबर लिहिला.

"हा तर बाहेरच्या देशातला आहे, काका. इथलं कुणी?"

काका पेन धरून उभे राहिले. दाढीवाले डॉक्टर डोळ्यांपुढे आले, ते काही बरोबर वाटेना. वरच्या मजल्यावरचे आजोबा? त्यांना ऐकू येत नाही. मॅनेजरबाईंचा नंबर पाठ नव्हता. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

"इथलं कुणी नाही," ते म्हणाले. "पण मी इथेच बसतो. फोन करायची वेळ येणार नाही."

काउंटरवरच्या मुलीनं त्या चौकटीत एक आडवी रेघ मारली.

साडेचार तास काका त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. आत नेताना मुकादमानं मागे वळून पाहिलं नव्हतं, तो मुकाट डॉक्टरणीच्या मागे गेला होता. तो ओरडला असता, ओढाताण केली असती, तरी बरं वाटलं असतं. काकांचा जीव टांगणीला लागला. दार उघडलं की ते उभे राहत, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं गेलं की बसत.

शेवटी डॉक्टरीण स्वतः बाहेर आली. टोपीखाली केस घामानं चिकटले होते, पण चेहरा हसरा होता. "ठीक आहे तो. शुद्धीवर येतोय. अकरा काढले."

"मला बघता येतील?"

"मुकादम? दहा मिनिटांनी."

"दात."

असं कुणी मागत नसावं. तरी ती आत जाऊन स्टीलची वाटी घेऊन आली. काकांनी खिशातून भिंग काढलं. जन्मभर त्यांनी खोटे दात पाहिले होते, बिनमुळाचे. हे खरे होते. मोठ्या दाढेचं एक मूळ टोकाशी खरबरीत होतं, खाल्ल्यासारखं, बाकीच्यांवर किटणाची टोपी.

"ही केव्हापासून दुखत असेल?" त्यांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. वर्षभर तरी. बाकीच्या दुखायला त्याहून आधी लागल्या असतील."

"कधी कण्हला नाही हो."

"कुत्री लपवतात, काका. खेळणं कमी होतं, भुंकणं कमी होतं, एका जागी पडून राहतात. लोकांना वाटतं वय झालं."

काकांनी भिंग खिशात ठेवलं. वय झालं असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांना दुसरंच वाटलं होतं.

पहिले चार दिवस मुकादम झोपूनच होता. पाचव्या दिवशी त्यानं भांडं चाटून पुसून लख्ख केलं आणि आणखी हवं म्हणून काकांच्या पोटरीला नाक लावलं. दहाव्या दिवशी घंटी वाजली, गॅसवाला होता, आणि मुकादम असा भुंकला की काकांच्या हातातली बशी पडली. पंधराव्या दिवशी त्यानं सोफ्याखाली पंजा घालून चेंडू उकरून काढला. अर्ध्या बोळक्या तोंडात तो धड राहीना, घरंगळायचा, आणि मुकादम त्याच्यामागे घरभर पळायचा. आठ वर्षांनी लहान झाला होता कुत्रा. काकांना हसू आलं. हसता हसता ते मागच्या खोलीत गेले आणि स्टुलावर बसले.

म्हणजे त्याची दाढ दुखत होती. इतकंच होतं. ती गेली म्हणून तो त्या दाराशी पडून नव्हता. निदान तेवढ्यासाठी नव्हता. ते चाकू थांबवून त्याच्याशी बोलत, तो डोळे मिटून घेई, तेव्हा त्याच्या जबड्यात ठणका चालू असेल. आणि आपण त्या ठणक्याला आपल्या दुःखाचा जोडीदार समजून बसलो होतो. बाहेर चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मुकादम मजेत होता. घरात दुःख करणारं आता एकच माणूस उरलं होतं.

काकांनी मुलीला फोन लावून कुत्रा बरा असल्याचं सांगितलं. ती मनापासून खूष झाली, "बघा, मी म्हणत होते ना, घाई करू नका," म्हणाली. तसं ती म्हणाली नव्हती. काकांनी ते सोडून दिलं.

टाके दाखवायला ते महिन्याभरानं पुन्हा दवाखान्यात गेले. लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. वृद्धाश्रमाचं काम संपलं तरी मॅनेजरबाईंनी त्यांना ठेवून घेतलं होतं. डॉक्टरणीनं तोंड पाहिलं, शाबासकी दिली, पाच मिनिटांत मोकळं केलं. बाहेर येऊन ते मुकादमाचा पट्टा अडकवत होते, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, "तुमच्या कुत्र्याचे दात काढले का हो?"

पन्नाशीतली असेल. मांडीवर टोपली, टोपलीत म्हातारी करडी मांजरी. बाईंच्या हातात चौघडी केलेला कागद होता. तो कसला कागद आहे हे काकांना सांगायला नको होतं.

"अकरा," काका म्हणाले आणि खाली बसले.

"मला सांगा, एवढा खर्च करावा का? घरातले सगळे मला वेड्यात काढतायत. म्हणतात, मांजरीच्या दातांना एवढे?"

"खाते का?"

"दोन दिवसांपासून नाही. तशी आधीपासूनच गप्प गप्प असते."

"आधीपासून म्हणजे?"

"आई गेल्यापासून. आईची होती ती."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मीही तसंच समजत होतो," ते म्हणाले. "माझी बायको गेली तीन वर्षांपूर्वी. कुत्रा तिचा. तो गप्प असायचा, मला वाटायचं तिच्यासाठी. मी त्याच्याशी बोलायचो, तिच्याबद्दलच. तिला ना, एक सवय होती, दुपारी..."

"करडी मांजरी!" आतून पुकारा झाला.

बाई गडबडून उठली. टोपली, पर्स, कागद, सगळं एकदम सावरताना तिनं काकांकडे पाहून अर्धवट हात जोडले आणि आत गेली. दार बंद झालं.

काका बसून राहिले. त्यांचं काम झालं होतं, पण वाक्य अर्धं राहिलं होतं. ती बाहेर आली की पुरं सांगू, असं त्यांनी ठरवलं. तिला खर्च करा असंच सांगायचं, त्यात शंका नव्हती, पण पुढे काय होईल तेही सांगायला हवं होतं. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मुकादम कंटाळून त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून पडला. मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचं काही राहिलंय का?"

"त्या मांजरीवाल्या बाई..."

"त्या मागच्या दारानं गेल्या. मांजरीला भरती करून घेतलंय."

"अच्छा," काका म्हणाले. "म्हणजे करतायत."

ते उठले. बाहेर ऊन उतरलं होतं, दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. मुकादम पट्टा ताणून पुढे ओढत होता, प्रत्येक खांबापाशी थांबत होता, प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याकडे शेपूट हलवून बघत होता. काकांनी त्याला घाई केली नाही. लांबच्या रस्त्यानं, बागेला वळसा घालून, ते सावकाश घराकडे निघाले.